तरुण गार्डचा ट्रेड सुचवायच्या आधी काय काय बघायचं: सोलापूरच्या एनबीएवाल्या पोरांसाठी

जून निम्मा झाला, एनबीएची (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची) फायनल संपली की आपल्या ग्रुपवर एकच विषय असतो, ह्या पोराला विका, त्याला आणा, वर दोन पिक (ड्राफ्टमध्ये नवीन पोरगा निवडायचे हक्क) टाका आणि मोकळे व्हा. पार्क चौकात चहाला थांबलं तरी तेच आणि संध्याकाळी ग्राउंडवर बूट काढत बसलं तरी तेच. मला हे वाद लै आवडतात, मॅच नसतानाही खेळाचा इतका विचार दुसऱ्या कशाने होत नाही. पण बरेचदा पाच मिनिटांत आवाज चढतात, कारण एक जण पोराच्या पॉइंटबद्दल बोलायलेला असतो, दुसरा पगाराबद्दल आणि तिसऱ्याने फक्त रील बघितलेली असते, मग तिघं तीन दिशांना ओढतात आणि मूळ ट्रेड (दोन टीममधली प्लेअरची अदलाबदल) बरा होता का वाईट हे कुणालाच कळत नाही.

म्हणून हे एकदा नीट लिहितोय. बाकी सगळं ज्याच्यावर उभं आहे ती गोष्ट आधी सांगतो. तरुण गार्ड (बॉल सांभाळून खेळ चालवणारा प्लेअर) किती पॉइंट मारतो हे नंतर बघा, त्याच्या कॉन्ट्रॅक्टचं कितवं वर्ष चालूए ते आधी बघा. एकच पोरगा, तोच खेळ, पण दुसऱ्या वर्षात त्याची किंमत वेगळी आणि चौथ्या वर्षात वेगळी.

आधी कॉन्ट्रॅक्टचं वर्ष

ड्राफ्टच्या पहिल्या राउंडला घेतलेल्या पोराचं कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं असतं, पगार पिकच्या नंबराप्रमाणे जवळजवळ ठरलेला, त्यात पहिली दोन वर्षं पक्की आणि तिसरं-चौथं टीमच्या मर्जीवर. तिसरा सीझन संपला की त्या उन्हाळ्यात एक्स्टेन्शन (कॉन्ट्रॅक्ट पुढं वाढवणं) करता येतं, आणि ऑक्टोबरमध्ये रेग्युलर सीझन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती मुदत संपते. नाहीच झालं तर चौथ्या सीझननंतर टीम क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाची ठरलेली ऑफर) देऊन त्याला रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट करते, म्हणजे बाहेरच्या कुणी ऑफर दिली तरी तेवढाच पैसा देऊन त्याला ठेवायचा पहिला हक्क जुन्या टीमचा.

ह्यातला सगळ्यात गरम उन्हाळा तिसऱ्या सीझननंतरचा. टीमला तेव्हा ठरवावं लागतं की ह्या पोरावर पुढची चार-पाच वर्षं मोठा पैसा लावायचा का, आणि मनात शंका असेल तर विकायची खरी वेळ तीच, कारण घेणाऱ्याला एक स्वस्त वर्ष आणि बाहेरच्या ऑफरएवढा पैसा देऊन पोरगा ठेवायचा हक्क दोन्ही मिळतं. जेम्स हार्डनचं असंच झालं. ऑक्टोबर २०१२, वय २३, त्याच वर्षीचा सिक्स्थ मॅन ऑफ द इयर (बेंचवरून येणारा बेस्ट प्लेअर), एक्स्टेन्शनच्या पैशावर ओक्लाहोमा सिटी थंडरशी जमेना, मुदत ३१ ऑक्टोबरला संपत होती आणि २७ तारखेला थंडरने त्याला ह्यूस्टनला दिला. बदल्यात केव्हिन मार्टिन, जेरेमी लॅम्ब आणि पिक. ह्यूस्टनने लगेच त्याला मोठं कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि २०१८ ला तो एमव्हीपी (लीगचा सगळ्यात भारी प्लेअर) झाला. हा ट्रेड खेळामुळे झालाच नाही, घड्याळामुळे झाला.

उलट बाजूही लक्षात ठेवा. एक्स्टेन्शन झालं नाही म्हणजे टीमला पोरगा नकोय असा अर्थ लगेच काढू नका. टायरीस मॅक्सी २०२० चा २१ वा पिक, २०२३ ला फिलाडेल्फियाने त्याचं एक्स्टेन्शन मुद्दाम केलं नाही, कारण कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेत) त्याच्या नावावर धरली जाणारी रक्कम तेव्हा छोटी राहत होती. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या मोकळ्या जागेत त्यांनी पॉल जॉर्जला आणलं आणि मॅक्सीला ५ वर्षांचे २०४ मिलियन डॉलर दिले.

आणि पॉइंट म्हणजे किंमत नाही, ह्याचं उदाहरण कॅम थॉमस. २०२४-२५ ला दुखापतीमुळे थोड्याच मॅच खेळला पण ब्रुकलिनसाठी सरासरी २४ पॉइंट, आणि उन्हाळ्यात मनासारखी मोठी ऑफर आली नाही म्हणून शेवटी साधारण ६ मिलियनची एका वर्षाची क्वालिफाइंग ऑफर घेतली. बाजारात कॅप स्पेस असलेल्या टीमच जवळजवळ नव्हत्या. आता ह्यात ट्रेड सुचवणाऱ्यासाठी महत्त्वाचं असं, की क्वालिफाइंग ऑफर घेतलेल्या प्लेअरला त्या वर्षी त्याच्या स्वतःच्या होकाराशिवाय ट्रेड करता येत नाही. ग्रुपवर कुणी असल्या पोराला परस्पर कुठं पाठवायला लागला तर आधी हे विचारा.

पॉयझन पिलबद्दलही इथंच सांगतो, ह्यात लै जणांचे ट्रेड फसतात. समजा आपला गार्ड चौथ्या वर्षात ९ मिलियन घेतो आणि त्याने नुकतंच ४ वर्षांचं १२० मिलियनचं एक्स्टेन्शन केलं. आता हे नवं कॉन्ट्रॅक्ट सुरू व्हायच्या आधी त्याला विकायचं म्हटलं तर पाठवणाऱ्या टीमसाठी तो ९ मिलियनचाच धरतात, पण घेणाऱ्या टीमसाठी चालू आणि नव्या सगळ्या वर्षांची सरासरी, म्हणजे १२९ भागिले ५, २५.८ मिलियन. दोन बाजूंचे आकडे इतके लांब गेले की पगार जुळवणं जवळपास अशक्य. म्हणूनच जॉर्डन पूलने ऑक्टोबर २०२२ ला जास्तीत जास्त १४० मिलियनपर्यंत जाणारं एक्स्टेन्शन केलं तरी वॉरियर्सने त्याला वॉशिंग्टनला पाठवलं ते पुढच्या उन्हाळ्यात, क्रिस पॉलच्या बदल्यात, नवं कॉन्ट्रॅक्ट चालू झाल्यावर.

मग पगार जुळतो का

इथं कंटाळा करू नका, दोन मिनिटांचं गणित आहे आणि निम्मे ट्रेड इथंच बाद होतात. २०२५-२६ साठी सॅलरी कॅप १५४.६ मिलियन, लक्झरी टॅक्स १८७.९ ला सुरू, पहिला एप्रन १९५.९ आणि दुसरा एप्रन २०७.८. एप्रन म्हणजे टॅक्सच्या वरच्या पगाराच्या रेषा, त्या ओलांडल्या की टीमवर बंधनं येतात. दरवर्षी आकडे बदलतात, रचना तीच राहते. लीग आणि प्लेअरमधल्या २०२३ च्या करारापासून हे एप्रनच सगळं ठरवायलेत.

पहिल्या एप्रनच्या खालच्या टीमला पाठवलेल्यापेक्षा जास्त पगार घेता येतो. ढोबळ हिशोब असा, छोट्या पगाराच्या साधारण दुप्पट, मधल्या पगाराच्या वर साधारण साडेआठ मिलियन आणि मोठ्या पगाराच्या १२५ टक्के. पहिल्या एप्रनच्या वरच्या टीमला जेवढं पाठवलं तेवढंच किंवा कमी. आणि दुसऱ्या एप्रनच्या वर असाल तर दोन प्लेअरचे पगार एकत्र करून एक मोठा प्लेअर आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख पैसाही टाकता येत नाही.

आपला ९ मिलियनवाला गार्ड घ्या आणि आणायचाय २७ मिलियनचा विंग (गार्डपेक्षा उंच, बाजूने खेळणारा प्लेअर). टीम एप्रनच्या खाली असेल तर गार्डसोबत १० मिलियनचा अजून एक प्लेअर द्या, झाले १९, वर साडेआठ म्हणजे २७.५ पर्यंत परवानगी, बसतंय. तीच टीम पहिल्या एप्रनच्या वर असेल तर पूर्ण २७ पाठवायला लागतील, म्हणजे गार्ड सोडून अजून १८ चा माणूस. आणि दुसऱ्या एप्रनच्या वर असेल तर गार्ड अधिक दुसरा प्लेअर एकत्र करून तो विंग आणायची वाटच बंद. एकच ट्रेड, तीन टीम, तीन उत्तरं. आणि हो, पाठवलं त्यापेक्षा जास्त पगार घेतला की त्या सीझनभर पहिल्या एप्रनची मर्यादा तुमच्यावर पक्की बसते, नंतर कुणाला साइन करायचं ठरवलं असेल तर ते आधीच मोजून ठेवा.

खरं उदाहरण बघायचं तर २०२५ चा ड्युरंटचा ट्रेड. केव्हिन ड्युरंटचा पगार ५४.७ मिलियन, फिनिक्सची टीम एप्रनच्या वर, त्यामुळे ह्यूस्टनकडून येणारा पगार त्याच्यापेक्षा जास्त चालणार नव्हता. जेलन ग्रीन ३३.३ आणि डिलन ब्रुक्स २१.१, बेरीज ५४.४. बघा किती कडेला बसवलंय! आणि दोघांचे पगार एकत्र ह्यूस्टन करत होतं, जे दुसऱ्या एप्रनच्या खाली होतं, म्हणून जमलं. ह्या आकड्यांत मला खरंच मजा वाटते, कागद-पेन घेऊन एकदा स्वतः करून बघा.

ट्रेड मशीनवर (ट्रेड नियमात बसतो का सांगणाऱ्या वेबसाइटवर) हिरवं आलं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. मशीन फक्त नियम बघतं, समोरचा जीएम (टीम बांधणारा मॅनेजर) हो म्हणेल का हे बघत नाही.

पिकचा हिशोब

पिक म्हणजे शेंगदाण्यासारखे मूठभर उचलून टाकायची गोष्ट नाही. पुढच्या सात वर्षांपलीकडचा पिक देताच येत नाही, आणि स्टेपियन रूलमुळे येणाऱ्या वर्षांत सलग दोन वर्षं पहिल्या राउंडचा पिक नाही अशी वेळ टीम स्वतःवर आणू शकत नाही. हे नाव टेड स्टेपियन ह्या १९८० च्या दशकातल्या कॅव्हलियर्सच्या मालकावरून, त्याने पिक असे वाटले की लीगला नियम करावा लागला. गंमत अशी की हा नियम समजून घ्यायला कॅव्हलियर्सचाच ट्रेड बेस्ट आहे. सप्टेंबर २०२२ ला त्यांनी डोनोव्हन मिचेलला युटाहून आणलं, दिले लॉरी मार्कनन, कॉलिन सेक्स्टन, ओचाय अगबाजी, २०२५, २०२७ आणि २०२९ चे पिक, आणि २०२६, २०२८ चे स्वॅप. एक वर्ष सोडून पिक का आणि मधल्या वर्षांत स्वॅप का, कळलं ना? सलग दोन वर्षं देता येत नाहीत म्हणून मधल्या वर्षात पिक आपल्याकडेच ठेवायचा, फक्त दोन्हीतला चांगला त्यांनी घ्यायचा. आणि २०२९ का, तर २०२२ मध्ये सात मिळवा.

कुठलाही पिक लिहिताना कुणाचा, कोणत्या वर्षाचा आणि प्रोटेक्शन (पिक फार वरचा लागला तर द्यायचा नाही अशी अट) आहे का, हे तिन्ही लिहा. नुसतं ‘दोन फर्स्ट’ लिहिलं तर मी तरी त्या ट्रेडवर बोलत नाही.

आता खेळ

गार्डला वेळ लागतो. पिक अँड रोल (साथीदाराच्या आडोशाने केलेली चाल) वाचायचा, हेल्प कुठून येते ते ओळखायचं, बॉल कधी सोडायचा, हे वयाच्या विशीत शिकत जातात. शे गिल्जस-अलेक्झांडरने पहिल्या सीझनला सरासरी १०.८ पॉइंट केले होते. जुलै २०१९ ला क्लिपर्सने पॉल जॉर्जसाठी त्याला ओक्लाहोमाला दिलं, सोबत डॅनिलो गॅलिनारी, पाच फर्स्ट राउंड पिक आणि दोन स्वॅप. त्यातल्या २०२२ च्या एका पिकमधून जेलन विल्यम्स आला. २०२५ ला शे रेग्युलर सीझनचा एमव्हीपी, फायनलचा एमव्हीपी आणि चॅम्पियन. ट्रेडच्या दिवशी त्याचं वय २०, रुकी कॉन्ट्रॅक्टची तीन वर्षं शिल्लक. वय आणि वर्षं एकत्र बघा म्हणतोय ते ह्यासाठी.

तर बघायचं काय? पूर्ण मॅच बघा, आपल्याकडं सकाळी साडेपाच-सहाला लागतात, उन्हाळ्यात तसंही सोलापुरात सहा वाजता झोप कुठली. चौथा क्वार्टर बघा, त्यातही बॉल दुसऱ्याच्या हातात असताना पोरगा काय करायलाय ते बघा. कोपऱ्यात उभा राहतो आणि त्याचा डिफेंडर त्याला सोडून आत जातो का? तसं असेल तर स्टारच्या शेजारी तो चालणार नाही. दुसरं म्हणजे डिफेन्समध्ये समोरची टीम त्याला शोधून शोधून स्विच (अडवायचा माणूस बदलणं) करायला लावते का. आपल्या ग्राउंडवरसुद्धा हेच होतं की, बुटका आणि आळशी गार्ड दिसला की सगळे त्याच्याच अंगावर घालतात. तिसरं, शूटिंग बसेल का ह्याचा अंदाज घ्यायचा असेल तर नुसती थ्रीची टक्केवारी बघू नका, फ्री थ्रोची पण बघा, थ्रीचा आकडा एका सीझनमध्ये वरखाली उड्या मारतो, फ्री थ्रोचा तसा मारत नाही. मार्च-एप्रिलमध्ये हरायला बसलेल्या टीमकडून केलेले ३० पॉइंट अर्धेच धरा. प्लेऑफची मिनिटं मात्र पूर्ण धरा.

प्लेऑफ काय करतं त्याची दोन उदाहरणं. जॉश गिडी, २०२१ चा सहावा पिक, साइज, पासिंग सगळं मस्त, पण २०२४ ला डॅलसविरुद्ध त्याला बाहेर मोकळं सोडायला लागले आणि थंडरने सिरीज चालू असताना त्याला स्टार्टिंगमधून काढलं. जूनमध्ये शिकागोशी सरळ एकास एक ट्रेड, गिडी द्या अ‍ॅलेक्स करुसो घ्या, एकही पिक नाही. ग्रुपवर असा ट्रेड मांडला तर २१ वर्षांच्या पोराला ३० वर्षांच्या माणसासाठी कोण देतं म्हणून लोक अंगावर येतील. पण गिडीचे तीन सीझन झाले होते, एक्स्टेन्शनचा प्रश्न दारात होता, पुढं शे, जेलन विल्यम्स आणि चेट होल्मग्रेनला मोठा पैसा द्यायचा होता, आणि करुसो डिफेन्सला बसतो. पुढच्याच वर्षी थंडर चॅम्पियन. तिकडं गिडीला शिकागोत बॉल हातात मिळाला आणि २०२५ ला ४ वर्षांचे १०० मिलियन. माझ्या मते तरुण गार्डचा ट्रेड कसा असावा ह्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

दुसरा जेलन ग्रीन. २०२५ च्या पहिल्या राउंडला वॉरियर्सविरुद्ध दुसऱ्या मॅचला ३८ पॉइंट, आणि सातही मॅचची सरासरी १३.३. ज्याने फक्त दुसरी मॅच बघितली तो म्हणणार विकू नका, ज्याने सगळी सिरीज बघितली तो ड्युरंटसाठी तयार.

बाजू बदला

ही गोष्ट आपल्या ग्रुपवर सुरू केल्यापासून वादाची चवच बदलली. ज्याने ट्रेड मांडला त्याने आधी समोरच्या टीमचा फॅन होऊन तो स्वीकारून दाखवायचा. ‘काय बे, तू त्यांचा जीएम असतास तर हो म्हणला असतास का?’ एवढंच विचारायचं. मालकाला टॅक्स परवडतो का, त्यांचा स्टार कितव्या वर्षात आहे, त्यांना आत्ता जिंकायचंय का दोन वर्षांनी, त्यांच्याकडं गार्ड आधीच तीन आहेत का. गार्डच्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न लै महत्त्वाचा, कारण लीगमध्ये बरे गार्ड भरपूर आहेत आणि उंच, दोन्ही बाजूंनी खेळणारे विंग कमी, त्यामुळे एका बऱ्या गार्डला एक बरा विंग मिळेल हे गृहीत धरू नका.

दोघांचं भलं होणारे ट्रेड असतात. फेब्रुवारी २०२२ ला, म्हणजे सीझनच्या मध्यात, सॅक्रामेंटोने टायरीस हॅलिबर्टनला इंडियानाला दिलं आणि डोमँटस सबोनिस घेतला. सॅक्रामेंटो २०२३ ला १६ सीझनचा दुष्काळ संपवून प्लेऑफला गेली, इंडियाना २०२५ ला फायनलपर्यंत. कोण जास्त फायद्यात ह्यावर रात्रभर बोला, पण ट्रेडच्या दिवशी दोन्ही बाजूंना कारण होतं, आणि आपल्याला तेच तपासायचं असतं.

‘ह्याला कुणी हात लावणार नाही’ हे वाक्यही जपून वापरा. २ फेब्रुवारी २०२५ ला रविवारी सकाळी आपल्याकडं पावणेअकराच्या सुमारास डॅलसचा स्टार लुका डॉन्चिच लेकर्सला गेल्याची बातमी आली, तेव्हा ती देणाऱ्या पत्रकार शॅम्स चरानियाचं अकाउंट हॅक झालं असंच अनेकांना वाटलं होतं.

बातम्या आणि तारखा

कुठलीही अफवा आली की ती पसरल्याने फायदा कुणाचा हे विचारा. एक्स्टेन्शनच्या उन्हाळ्यात ‘चार टीमना इंटरेस्ट आहे’ ही बातमी बहुतेक वेळा एजंटच्या सोयीची असते, आणि ‘टीम त्याला अनटचेबल समजते’ ही टीमच्या.

आपल्या वेळेप्रमाणे ड्राफ्ट जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे साडेपाचला. साइन न केलेल्या नव्या पिकचा पगार ट्रेडमध्ये शून्य धरतात आणि साइन केल्यावर तीस दिवस त्याला हलवता येत नाही. फ्री एजन्सी (कॉन्ट्रॅक्ट संपलेल्या प्लेअरचा बाजार) १ जुलैला पहाटे साडेतीनला उघडते. उन्हाळ्यात नवीन साइन केलेला फ्री एजंट साधारण १५ डिसेंबरपर्यंत ट्रेड होत नाही, तेव्हा ऑगस्टमध्ये त्याला घालून पॅकेज बनवू नका. आणि नव्या वर्षाच्या कॅपवर अवलंबून असलेले ट्रेड ६ जुलैला रात्री साडेनऊनंतरच अधिकृत होतात. ड्युरंटचा २२ जूनला ठरला होता, अधिकृत झाला ६ जुलैला, आणि मधल्या दोन आठवड्यांत बाकीच्या टीम जोडत जोडत तो सात टीमचा झाला. त्या वर्षी ६ जुलैलाच आषाढी एकादशी होती, निम्मी घरं पंढरपूरला, त्यामुळे ग्रुपवर तपशील वाचायला दुसरा दिवस उजाडला.

म्हणून ठरलेल्या ट्रेडवर मत लगेच पक्कं करू नका, पिकची प्रोटेक्शनं आणि तिसऱ्या-चौथ्या टीमला काय गेलं हे शेवटी कळतं. आणि ग्रुपवर ट्रेड टाकताना एवढं टाका: गार्डचं वय आणि कॉन्ट्रॅक्टचं वर्ष, दोन्ही बाजूंचा पगार, दोन्ही टीम एप्रनच्या कुठल्या बाजूला आहेत, पिक वर्षासकट, आणि समोरची टीम हो का म्हणेल ह्याचं एक वाक्य. मग या संध्याकाळी ग्राउंडवर, बोलू.